शहाणी आणि सज्ञान

‘शहाणा’ आणि ‘सज्ञान’ हे मुळात एकच शब्द. संस्कृतातला ‘सज्ञान’ लोकांच्या तोंडी प्राकृतातून घासत घासत आला, त्याचा हिंदीत ‘सयाना’ झाला आणि मराठीत ‘शहाणा’. पुढे कोर्टकचेरीच्या कामाला शब्द हवा झाला तेव्हा तोच संस्कृतातून जसाच्या तसा पुन्हा उचलला गेला, आणि अठरा वर्षं पूर्ण झालेला माणूस ‘सज्ञान’ ठरला. एक शब्द पायवाटेने आला, दुसरा सरकारी रस्त्याने. दोघांचा अर्थ एकच, ज्याला जाण आली आहे तो.

पण मराठी घरात ‘पोरगी शहाणी झाली’ या वाक्याचा अर्थ वेगळाच होता. तिला न्हाण आलं, एवढाच. म्हणजे मुलगी शहाणी होणार बारा-तेराव्या वर्षी आणि सज्ञान होणार अठराव्या. मधली पाच-सहा वर्षं ती अंगाने शहाणी आणि कागदावर अज्ञान. ‘अज्ञान’ हाही आपल्याकडे कायद्याचाच शब्द आहे. सातबाऱ्यावर लहान वारसाच्या नावासोबत ‘अ.पा.क.’ अशी अक्षरं दिसतात, त्यांचा अर्थ अज्ञान पालनकर्ता. शेत मुलाच्या नावावर, पण बोलणार पालनकर्ता.

कुमारवयीनांच्या कथा-कादंबऱ्यांतून ज्याला ‘स्वतःचा शोध’ म्हणतात तो घडतो तो या दोन शब्दांमधल्या जागेत. पहिल्या शब्दाने समाज सांगतो की तुझं बालपण संपलं. दुसऱ्या शब्दाने कायदा सांगतो की तुझं म्हणणं अजून धरता येत नाही. मग मधल्या काळात मी कोण? जगातल्या बहुतेक किशोर कादंबऱ्या हा एकच प्रश्न विचारतात. तो मराठीत विचारायचा तर आपल्याजवळ कोणते शब्द आहेत आणि ते कुठून आले, एवढंच इथे पाहायचं आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. आपल्याजवळ शब्द पुष्कळ आहेत आणि चांगले आहेत. आपण मात्र नेमके चुकीचे हाताशी धरले आहेत.

वयात येण्याबद्दलची क्रियापदंच आधी पाहा. मुलीला न्हाण ‘येतं’, पदर ‘येतो’. मुलाला मिसरूड ‘फुटतं’, आवाज ‘फुटतो’, आणि तो उलट बोलू लागला की शिंगं ‘फुटतात’. मुलीच्या बाबतीत जे काही होतं ते बाहेरून तिच्यावर येतं, मुलाच्या बाबतीत ते आतून बाहेर पडतं. हा भेद कुणी बसून ठरवलेला नाही. पिढ्यान्‌पिढ्या मुलींकडे आणि मुलांकडे जसं पाहिलं गेलं तसं बोललं गेलं. दोघांसाठी समान असा वाक्प्रचार एकच, ‘वयात येणे’. तो मला फार मोलाचा वाटतो, कारण त्यात येणारं वय नसून माणूस आहे. वय तिथे आधीपासून आहे, आणि मुलगा किंवा मुलगी चालत जाऊन त्यात शिरते.

मुलीच्या या चालण्याची मराठीतली पहिली मोठी कादंबरी म्हणजे हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’. ती ‘करमणूक’ साप्ताहिकातून १८९० पासून क्रमशः आली आणि १८९३ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. यमू स्वतःची हकीकत स्वतः सांगते, अगदी लहानपणापासून. ज्या काळात ती छापली जात होती त्याच काळात, १८९१ साली, संमतिवयाचा कायदा झाला आणि मुलीचं संमतिवय दहावरून बारा वर्षांवर गेलं. टिळक विरोधात आणि आगरकर बाजूने, असा तो वाद होता. सगळा महाराष्ट्र मुलींच्या वयाबद्दल बोलत होता आणि त्या गदारोळात एका मुलीचा आवाज कागदावर ‘मी’ म्हणून बोलत होता. तो आवाज एका पुरुष लेखकाने लिहिलेला होता हे खरं. तरीही तोवर मराठी गद्यात घरातल्या सामान्य मुलीने असं सलग, स्वतःच्या तोंडाने बोलणं घडलं नव्हतं. पुढे वैधव्य आल्यावर यमूचं केशवपन जबरदस्तीने होतं. तिच्या शरीराविषयी तिला कुणी विचारत नाही. तिच्या हातात उरतं ते फक्त सांगणं.

आता कादंबरीच्या नावातल्या ‘लक्षात’ या शब्दाकडे वळतो, कारण ‘ओळख’ हा शब्द त्याचाच सख्खा भाऊ आहे. ‘लक्ष्’ म्हणजे खूण करणे, खूण पाहून जाणणे. त्यातून लक्ष, लक्षण, लक्षात घेणे. त्याच धातूमागे उपसर्ग लागून प्राकृतात जे रूप झालं त्यातला उपसर्ग झिजून ‘ओ’ उरला, ‘लक्ष’चा ‘लख’ झाला, आणि मराठीत ‘ओळखणे’ व गुजरातीत ‘ओळखवुं’ आलं. म्हणजे ओळखणे याचा मूळचा अर्थ खुणेवरून जाणणे. गुराखी आपली गाय ओळखतो तो कानाच्या कापावरून, आई लेकराला ओळखते ती चालण्यावरून.

इंग्रजीतला आयडेंटिटी हा शब्द लॅटिनमधल्या ‘तोच’ या अर्थाच्या ‘इडेम’पासून निघाला आहे. काल होतो तोच आज आहे, याला आयडेंटिटी म्हणायचं. पंधरा वर्षांच्या मुलाची अडचण नेमकी हीच असते की तो काल होता तो आज नसतो. म्हणून विसाव्या शतकात मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी या वयाच्या पेचाला आयडेंटिटी क्रायसिस म्हटलं आणि १९६८ साली त्यावर आख्खं पुस्तक लिहिलं. (त्यांनी आडनावही स्वतःच निवडलं होतं. सावत्र वडिलांचं हॉम्बर्गर हे आडनाव मागे ठेवून, अमेरिकेचं नागरिकत्व घेताना ते एरिक्सन झाले, म्हणजे एरिकचा मुलगा. जन्मदाता बाप कोण हे ठाऊक नसलेला माणूस स्वतःचाच मुलगा झाला.)

मराठी ‘ओळखी’त तोच-पणाची अट नाही. त्यात खूण आहे आणि ती पाहणारा डोळा आहे. ओळख करून देतात, ओळख पटते, ओळख पुसते, ओळख निघते, ओळख ठेवतात. यातलं एकही क्रियापद एकट्या माणसाला करता येत नाही. समोर कुणीतरी लागतंच. ‘माझी ओळख’ असं म्हणणारा मुलगाही खरं तर विचारत असतो की मला कोणत्या खुणेवरून ओळखता? आणि भांडण तिथेच सुरू होतं. घर म्हणतं, मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, म्हणजे खुणा आम्ही तेव्हाच पाहून ठेवल्या आहेत. ‘तुझी लक्षणं काही ठीक नाहीत’ हे वाक्य ज्या वयात सर्वाधिक ऐकावं लागतं ते वय तेरा ते अठरा. लक्षण म्हणजे दुसऱ्याने वाचलेली खूण. ‘पण लक्षात कोण घेतो?’ या प्रश्नात हरिभाऊंनी हेच विचारलं होतं. यमूच्या खुणा साऱ्यांनी वाचल्या, तिला मात्र कुणी लक्षात घेतलं नाही.

या वयाला म्हणायचं काय, हा पुढचा प्रश्न. महाराष्ट्रातल्या मुलांना याचं एक उत्तर पाठ्यपुस्तकाच्या मुखपृष्ठावर मिळतं. लहान इयत्तांत बालभारती, नववी-दहावीला कुमारभारती, अकरावी-बारावीला युवकभारती. पुस्तकांची नावं बदलतात आणि मुलाला न सांगता सांगितलं जातं की तू आता बाल नाहीस, कुमार आहेस, आणि दहावीचा निकाल लागला की युवक होशील. मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’ (२००४) मधला मुकुंद जोशी नववीत आहे, म्हणजे या शिडीच्या मधल्या पायरीवर.

संस्कृतात मात्र ही शिडी बरीच खाली होती. भागवताच्या टीकाकारांनी दिलेल्या वाटणीप्रमाणे पाचव्या वर्षापर्यंत कौमार, दहाव्यापर्यंत पौगंड, पंधराव्यापर्यंत कैशोर, आणि पुढे यौवन. या हिशेबाने कुमारभारतीचा वाचक कुमार नव्हे, किशोराच्याही शेवटच्या टोकाला आहे. भागवतातच एक गोड गुंता आहे. कृष्णाने अघासुराला मारलं ते कौमारवयात, पण गोपाळांनी घरी जाऊन ते सांगितलं पौगंडवयात, जणू आजच घडलं अशा थाटात. परीक्षिताला हे खटकतं आणि तो विचारतो की वर्षापूर्वीची गोष्ट आजची कशी? मधलं वर्ष ब्रह्मदेवाने गायब केलेलं असतं. मोठं होताना एक वर्ष कुठे गेलं ते कळत नाही, हे या वयातल्या कुठल्याही मुलाला समजेल.

‘पौगंड’ शब्दाशी माझं भांडण आहे. आज मानसशास्त्राच्या पुस्तकांत, मासिकांच्या आरोग्यसदरांत, कादंबऱ्यांच्या परीक्षणांत ‘पौगंडावस्था’ हाच शब्द चालतो. तेरा ते एकोणीस या वयासाठी तो विसाव्या शतकातल्या परिभाषेने बसवला, आणि बसवताना पाच ते दहाचं मूळ वय सोडून दिलं. ते एक वेळ चालेल, शब्द वयाने मोठे होतातच. पण ‘पोगंड’चा संस्कृतातला दुसरा अर्थ आहे अवयवाने कमीजास्त असलेला, व्यंग असलेला. नारदस्मृतीने सोळाव्या वर्षापर्यंतच्या मुलाला पोगंड म्हटलं, आठव्यापर्यंतच्या मुलाला तर गर्भातल्या जिवासारखं मानलं. सोळाव्यानंतर तो व्यवहार जाणणारा आणि स्वतंत्र, मात्र आईबाप नसतील तर. ते हयात असतील तर केस पिकले तरी तो स्वतंत्र नाही. अशा कायद्याच्या कुशीतून आलेला, अपुरेपणाचा शिक्का असलेला शब्द आपण ऐन वाढीच्या मुलांना चिकटवतो. त्यात ‘गंड’ ऐकू येतो आणि त्यामागून न्यूनगंड, अहंगंड आठवतात. व्युत्पत्तीने त्यांचा संबंध नसला तरी कान व्युत्पत्ती पाहत नाहीत. कुठल्याही मुलाने ‘मी पौगंडावस्थेत आहे’ असं प्रेमाने म्हटलेलं मी ऐकलेलं नाही.

त्यापेक्षा ‘किशोर’ कितीतरी देखणा. आणि त्याचा जन्म तर फारच सुंदर. अथर्ववेदात किशोर येतो तेव्हा तो माणसाचा मुलगा नसतो, घोड्याचं पिल्लू असतो. किशोर म्हणजे शिंगरू. पुढे सिंहाच्या छाव्यालाही किशोर म्हटलं, मग कोणत्याही प्राण्याच्या पिल्लाला, आणि शेवटी माणसाच्या. लांब पाय, अंगापेक्षा मोठे गुडघे, उभं राहता राहता धडपडणं आणि पळायला लागलं की आईला मागे टाकणं, हे सगळं त्या शब्दात होतं. बालभारतीने १९७१ साली मुलांसाठी मासिक काढलं आणि त्याला ‘किशोर’ हे नाव दिलं. ते नाव दोन-तीन पिढ्यांच्या मनात बसलं आहे.

शिंगरावरून आपल्याकडे एक म्हण आहे, गाढवी मेली ओझ्याने, शिंगरू मेलं हेलपाट्याने. आईच्या पाठीवर भार आहे. शिंगरावर काही नाही, पण आई जाईल तिकडे जायचं आणि येईल तसं यायचं, या नुसत्या येरझाऱ्यांनी ते दमतं. ‘तुला काय कमी आहे, तुझ्यावर कसली जबाबदारी आहे?’ असं मुलाला विचारलं जातं तेव्हा या म्हणीतलं उत्तर कुणाला आठवत नाही.

या शब्दाची गाठ एका दूरच्या पुस्तकाशी पडते. अमेरिकेत एस. ई. हिंटन या मुलीने शाळेत असतानाच लिहायला घेतलेली ‘द आउटसायडर्स’ १९६७ मध्ये छापून आली. तरुण वाचकांसाठी म्हणून वेगळा लिहिला जाणारा आजचा कादंबरीप्रकार तिच्यापासून रुजला असं तिकडचे अभ्यासक मानतात. मुलांच्या टोळ्यांची गोष्ट मुलीने लिहिली आहे हे पाहून परीक्षक बिचकतील म्हणून नावाची नुसती आद्याक्षरं छापली. म्हणजे कोण आहे मी, हा प्रश्न पुस्तकाच्या आत होताच, मुखपृष्ठावरही होता. तिचा चौदा वर्षांचा कथानायक स्वतःची गोष्ट स्वतः सांगतो आणि त्याचं खरंखुरं, जन्मदाखल्यावरचं नाव आहे पोनीबॉय. पोनी म्हणजे तट्टू, पण तो शब्द इंग्रजीत ज्या फ्रेंच शब्दावरून आला त्याचा अर्थ आहे छोटं शिंगरू. अथर्ववेदातला किशोर आणि ओक्लाहोमातला पोनीबॉय, दोघेही शिंगरंच. हा योगायोग आहे, यात कुणी कुणाचं उचललेलं नाही. पण दोन टोकांच्या माणसांनी या वयाकडे पाहिलं आणि दोघांनाही तेच जनावर दिसलं, याचा मला आनंद होतो.

मराठी व्याकरणातही या वयाची एक खूण आहे. आपल्याकडे ते मूल, ते पोर, ते बाळ, ते लेकरू, ते वासरू, ते कोकरू, ते शिंगरू. लहान जीव सगळा नपुंसकलिंगी. वासरू हा शब्द ‘वत्सरूप’वरून आला आहे, आणि त्या ‘रूप’चं नपुंसकलिंग त्याच्या शेपटीला आजवर टिकून आहे. ‘ते पोर खेळतंय’ असं म्हणताना आपल्याला काही वावगं वाटत नाही. मग एक दिवस ‘ते’चा ‘तो’ होतो किंवा ‘ती’ होते. तो दिवस कोणता हे कुणी नोंदवत नाही, पण शेजारच्या काकूंनी ‘ते पोर’ म्हणायचं सोडून ‘तो पोरगा’ म्हटलं की समजावं.

कोकणीत आणि तळकोकणात याचं रूप आणखी ठळक आहे. तिथे लहान मुलीलाच नव्हे तर वयात आलेल्या, लग्न न झालेल्या मुलीलाही नपुंसकलिंगात बोलतात. कोकणीत चेडूं म्हणजे मुलगी, आणि ‘तें चेडूं’ आलं, गेलं, शिकलं. मालवणीत ‘ता चेडू’. यात प्रेम आहे, लाड आहे, कुणाला उणं लेखण्याचा हेतू नाही, हे त्या बोलीत वाढलेली माणसं सांगतील आणि ते खरंच आहे. तरी ज्या मुलीला ‘मी कोण’ हे विचारायचं आहे तिने ते ‘तें’मध्ये राहून विचारायचं, हे त्या भाषेतल्या लेखिकांसमोरचं साहित्य आहे. प्रमाण मराठीत लिहिणाऱ्याला ते आयतं मिळत नाही. या सर्वनामाच्या उंबरठ्यावर उभी असलेली एखादी मालवणी मुलगी मला कादंबरीत भेटायला हवी आहे.

सर्वनामानंतर नाव. मराठीत नावाचे जेवढे वाक्प्रचार आहेत तेवढे क्वचितच दुसऱ्या कशाचे असतील, आणि त्यातले बरेचसे वाढत्या वयाच्या मुलांनाच ऐकवले जातात. नाव काढ. नाव राख. नाव घालवलंस. बापाचं नाव सांगतोस आणि असं वागतोस? नाव ठेवणे म्हणजे बारसं करणे आणि नावं ठेवणे म्हणजे दोष काढणे. एका अनुस्वाराने बारशाची निंदा होते. नाव ठेवतात तेव्हा मूल पाळण्यात असतं, नावं ठेवतात तेव्हा ते नववीत असतं.

म्हणूनच आपल्या कुमारकथांतली मुलं दिलेल्या नावात राहत नाहीत. साहसकथांमधला बनेश फेणे ‘फास्टर’ होतो. ‘शाळा’मध्ये मुलं एकमेकांना आडनावांनी किंवा मोडतोड केलेल्या नावांनी हाका मारतात, आणि मुकुंदला आवडणारी मुलगी वाचकांच्या मनात राहते ती ‘शिरोडकर’ या आडनावाने. आडनाव हे हजेरीपटावरचं नाव, सगळ्यांच्या मालकीचं. तेच तो मनातल्या मनात इतक्यांदा घेतो की ते खाजगी होऊन जातं. आणीबाणीच्या वर्षात घडणारी ही कादंबरी आहे, मोठ्यांच्या जगात नावं घ्यायची चोरी होती, आणि इथे एका मुलाची सगळी धडपड एक नाव मोठ्याने न उच्चारता जपण्याची.

प्रकाश नारायण संत यांचा लंपन तर टोपणनावानेच अजरामर झाला. ‘वनवास’, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’, ‘झुंबर’ या चार पुस्तकांत तो बेळगावकडच्या कानडी वळणाच्या मराठीत आजी-आजोबांकडे वाढतो, त्याला सगळं ‘मॅडसारखं’ वाटतं, आणि मैत्रीण सुमीबद्दल जे वाटतं त्याला त्याच्याजवळ शब्दच नाही. लेखकाचं व्यवहारातलं नाव भालचंद्र गोपाळ दीक्षित. दीक्षित हे त्यांच्या आजोळचं, म्हणजे आई इंदिरा संत यांच्या माहेरचं आडनाव. पुस्तकांवर मात्र त्यांनी वडिलांचं नाव आणि आडनाव घेतलं, प्रकाश नारायण संत. घरापासून दूर आजोळी वाढणाऱ्या मुलाच्या गोष्टी या नावाने लिहिल्या गेल्या, हे लक्षात ठेवून ‘वनवास’ हा शब्द पुन्हा वाचावा.

दया पवारांच्या ‘बलुतं’ (१९७८) मध्ये दोन माणसं बोलतात, दगडू मारुती पवार आणि दया पवार. ती एकच व्यक्ती आहे. दगडू हे लहानपणचं, वस्तीतलं नाव, दया हे लेखकाचं. ती कादंबरी नव्हे, आत्मकथन आहे, पण नावाच्या प्रश्नावर मराठीत त्याहून खोल गेलेलं पुस्तक मला माहीत नाही. दगडू, धोंडू, कचरू ही नावं मूल जगावं म्हणून, दृष्ट लागू नये म्हणूनही ठेवत, सगळ्याच जातींत. पण जातीच्या उतरंडीत खाली असलेल्या मुलाला त्या नावातला दगड टोचतो तसा वर असलेल्याला टोचत नाही. ‘मी कोण’ हा प्रश्न काहींच्या वाट्याला वयाबरोबर येतो, काहींच्या वाट्याला वयाच्या आधीच.

नावाला जोडलेली आणखी एक खबर. महाराष्ट्र सरकारने २०२४ साली निर्णय घेतला की त्या वर्षीच्या १ मे पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत मुलाच्या नावानंतर आईचं नाव यायला हवं, मग वडिलांचं, मग आडनाव. ती मुलं कुमारभारती हातात घेतील तेव्हा त्यांच्या हजेरीपटावर चार खणांचं नाव असेल.

आता ‘कोसला’. भालचंद्र नेमाडे यांची ही कादंबरी १९६३ मध्ये आली तेव्हा लेखक पंचवीस वर्षांचा होता, कादंबरीतला पांडुरंग सांगवीकरही पंचविशीचा. गोष्टीचा मोठा भाग खानदेशातल्या गावाहून पुण्याला कॉलेजात जाण्याचा आणि सगळं हरून परत येण्याचा आहे. शिंगराचा हेलपाटा. कोसला म्हणजे कोशकिड्याचं घर. आतला जीव त्यातून पतंग होऊन बाहेर पडेल की रेशमासाठी उकळत्या पाण्यात जाईल, हे शीर्षक सांगत नाही.

पांडुरंगाच्या तोंडी दोन शब्द सारखे येतात, ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’. त्यांची थट्टा झाली, नक्कल झाली, एक पूर्ण पिढी तसं बोलू लागली. ‘वगैरे’ अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला. ‘व’ म्हणजे आणि, ‘गैर’ म्हणजे इतर, दुसरा. तोच गैरहजर, गैरसमज, गैरसोय यांतला गैर. वगैरे म्हणजे ‘आणि याखेरीज दुसरं’. पेशवे दफ्तरापासून किराणा मालाच्या यादीपर्यंत हा शब्द यादी आवरायला वापरला जात होता. नेमाड्यांनी तो एका तरुणाच्या वाक्याच्या शेवटी ठेवला आणि त्याचं काम बदललं. पांडुरंग स्वतःबद्दल काहीही बोलला की वगैरे म्हणतो, म्हणजे सांगितलं ते खरं आहे पण मी त्याखेरीजही दुसरा काहीतरी आहे. सगळे त्याला त्याच्या नावाने, गावाने, गुणांनी, बापाच्या पैशाने बांधू पाहतात. तो प्रत्येक वाक्याला मागून एक दार उघडं ठेवतो. अरबी ‘गैर’ला इतकं मराठी काम क्वचितच मिळालं असेल.

उरला तो सर्वांत लहान शब्द. संस्कृतातला ‘अहम्’ गुजरातीने ‘हुं’ म्हणून जपला. मराठीचा ‘मी’ त्या घराण्यातला नाही. अभ्यासक त्याचं नातं ‘मया’शी लावतात, म्हणजे ‘माझ्याकडून’. त्याने केलं, तिने केलं, पण ‘मीने केलं’ असं आपण म्हणत नाही, नुसतं ‘मी केलं’. ‘ने’ लागत नाही, कारण करणारा त्या शब्दात जुन्या काळापासूनच बसलेला आहे. आपला ‘मी’ नुसता असण्याचा नाही, काही केल्याचा आहे. किशोर कादंबरीच्या दृष्टीने हे फार बरं आहे. कारण या वयाचा मुलगा खोलीत बसून ‘मी कोण’ असा विचार करून कुठे पोचत नाही. तो काहीतरी करतो, पळून जातो, खोटं बोलतो, चिठ्ठी लिहितो, मित्राचा मार स्वतः खातो, आणि त्यानंतर त्याला कळतं की हे आपल्याकडून झालं.

आणि ‘आपण’? तो तर सरळ ‘आत्मन्’चा वंशज. आत्मन्, प्राकृतात अप्पा, अप्पण, मराठीत आपण. ज्या शब्दावर उपनिषदं उभी आहेत तोच आपण गल्लीत वापरतो. ‘आपण जाऊ या’मध्ये तू आणि मी दोघे. ‘आपण बसावं’मध्ये आदराने तुम्ही. ‘आपणहून’मध्ये स्वतः. ‘आप्पलपोटा’मध्ये फक्त स्वतःचं पोट. आणि नाक्यावर उभा असलेला पोरगा जेव्हा म्हणतो, ‘आपण नाय घाबरत कोणाला’, तेव्हा आपण म्हणजे मी. पण तो मी म्हणत नाही, कारण एकटा मी त्या वयात फार उघडा पडतो. ‘आपण’मध्ये मित्रांची टोळी पाठीशी उभी राहते. जेव्हा तो पहिल्यांदा, आवाज चढवायच्या ऐवजी उतरवून, ‘मला भीती वाटते’ म्हणतो तेव्हा तो मोठा झालेला असतो. कादंबरीकाराने ‘आपण’ ते ‘मी’ हा प्रवास नीट लिहिला तरी पुस्तक उभं राहील.

एवढं असताना आपली समीक्षा या पुस्तकांबद्दल बोलताना ‘अस्मितेचा शोध’ असं का लिहिते? ‘अस्मि’ म्हणजे आहे मी, त्याला ‘ता’ लावून अस्मिता. पतंजलीच्या योगसूत्रांत अस्मिता हा पाच क्लेशांपैकी दुसरा, अविद्येनंतरचा, म्हणजे सुटका करून घ्यायची गोष्ट. विसाव्या शतकात गुजराती लेखक कन्हैयालाल मुनशींनी हा शब्द ‘गुजरातची अस्मिता’ म्हणून गाजवला आणि तिथून तो प्रदेशांचा, भाषांचा, पक्षांचा शब्द झाला. आज अस्मिता दुखावते, पेटते, जागृत होते, आणि ती नेहमी जमावाची असते. एका चौदा वर्षांच्या मुलीच्या मनातल्या घालमेलीला तो शब्द देणं म्हणजे तिच्या हातात झेंडा देणं. तिला झेंडा नको असतो. तिची ओळख तिला तिच्या खुणेवरून हवी असते.

मराठी पुस्तकांच्या दुकानात या वयासाठी फळी नसते. एका बाजूला बालसाहित्य, दुसऱ्या बाजूला कादंबऱ्या. लंपन कधी इकडे तर कधी तिकडे सापडतो. ग्रंथपालांना, दुकानदारांना, संपादकांना माझं सांगणं आहे की मधे एक फळी करा आणि तिच्यावर ‘किशोर’ असं लिहा, ‘पौगंड’ नको. शिक्षकांनी नववीच्या वर्गात एक तास ओळख, नाव, आपण या शब्दांना द्यावा आणि मुलांना विचारावं की घरी तुम्हाला या वयाबद्दल काय काय म्हणतात. अडनिडं वय, पोरसवदा, कळता झाला, शिंगं फुटली, अशी आणखी कितीतरी रूपं गावोगावच्या बोलींत असतील. ती मुलांकडूनच लिहून घ्यावीत, त्यांच्या अक्षरात, आणि खाली त्यांनी स्वतः निवडलेलं नाव घालायला सांगावं.